भरल्या पाण्याची रेघ

मे महिन्यात पुलाजवळच्या वाटेवर फाटक आलं.
फाटकाला कुलूप, खांबाला नारिंगी रंग.
मोंटानात नारिंगी म्हणजे आत येऊ नका,
हे मला मर्ना टॉफ्टनं सांगितलं.
शाळेची बस चालवून निवृत्त झालेली मर्ना,
जिनं गेल्या उन्हाळ्यात मला गळ बांधायला शिकवलं
आणि माझ्या पहिल्या चौदा गाठी
काही न बोलता दातांनी तोडल्या.

"हात आधी ओले कर. कोरडा हात माशाला पोळतो."
मी सांगलीची. मला वाटायचं, पाणी मला कळतं.

मर्नानं कुलपाकडं पाहिलं.
मग कठड्याला धरून, रस्त्याच्या हद्दीतून,
बूड टेकत घसरत खाली उतरली.
"फाटक त्याचं. नदी त्याची नाही.
गवत संपतं तिथं बघ, खडक फिकट होतो तिथं:
भरल्या पाण्याची रेघ.
तिच्या आत चालणाऱ्याला कुणी हटकू शकत नाही."

आमच्या घरी ती रेघ जिन्याच्या सातव्या पायरीवर होती.
आयर्विनला किती फूट झालं, विचारत
आम्ही गहू माडीवर चढवायचो.
रेषेच्या आत असणं म्हणजे नोटीस, बोट,
मांजर पिशवीत घालून निघणं.
आणि इथं त्याच रेषेच्या आत
भाड्याच्या घरातली मी, उसन्या बुटांत,
हक्कानं उभी.

हसू आलं. का, ते मर्नाला सांगेपर्यंत
अर्धं सँडविच संपलं.

फाटकाचा मालक आम्हाला पाण्यात पाहतो.
आम्ही असतोही तिथंच.

काउंटीच्या सुनावणीला आम्ही अकरा जण.
त्याचा वकील चांगला होता, शर्टही चांगला.
कायद्याचं मर्ना बोलली. मी एवढंच म्हटलं,
मला अजून एकही ट्राउट लागलेला नाही,
वाट बंदच करायची तर तो लागल्यावर करा.
लोक हसले. निकाल पुढं ढकलला.

शनिवारी फाटकापाशी एक मुलगा,
नव्या काठीवर किमतीची चिठ्ठी तशीच,
कुलूप बघून परत फिरत होता.
"इकडून ये, कठड्याकडून," मी ओरडले.
"चालतं?"
"चालतं. बूड टेकून ये."

त्यानं गाठ बांधली, मला दाखवली.
मी काही बोलले नाही.
दातांनी तोडली.