सावलीची कड

ह्याला सेल लागत नाही,
एवढंच सांगून बस्त्यावकाकांनी कॅमेरा हातात ठेवला
आणि वजन जोखू दिलं:
पाऊण किलो धातू, काच,
आणि कुठल्याशा रशियन कारखान्यात
पाळी संपायची कुणाला तरी झालेली घाई.

"आधी चावी पीळ, मग वेग लाव.
उलटं केलंस तर आतला दात जाईल,
आणि तसला दात आता कुणी पाडून देत नाही."

डॉकयार्डात चौतीस वर्षं गेजं तपासलेला माणूस.
माथारपाखाडीतल्या ओटीवर
कोळंबी सोलायच्या ताटलीत स्क्रू मांडून बसायचा.
मांजर येऊन हुंगून जायचं, निराश होऊन.

प्रकाश मोजायला काटा नाही.
"सावलीची कड बघ," म्हणायचे.
विळीसारखी असली तर सोळा.
धुऊन विरलेल्या पंचासारखी असली तर आठ.
सावलीच नसली तर इकडे ये, चहा पिऊ.

मग मी कडाच बघत सुटले.
दारूखान्यात, जहाजाच्या कापलेल्या पोटातून
पत्र्यावर पडलेली: सोळा.
शिवडीला ओहोटीच्या चिखलावर
एकट्या खांबाची: अकरा.
भायखळ्याच्या बाजारात ताडपत्रीखाली
दुधी नखाने टोचून बघणाऱ्या बोटांची:
चार, तीही शेजारच्या गाळ्याच्या बल्बकडून उसनी.
नणंदेच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या नाकाखाली
साडेपाच की आठ, ठरवत राहिले;
अक्षता मुठीतच राहिल्या.

खिडकीत मधोमध पिवळट चौकोन.
त्यात सगळं दोनदा दिसतं,
एक खरं, एक त्याचं फिकं भूत.
कडी फिरवत जायची. भूत सरकत येतं,
माणसाच्या खांद्याशी घुटमळतं,
आत शिरतं.
तेव्हा दाबायचं. आवाज: अडकित्त्यात अर्धी सुपारी.

माझ्या कॅमेऱ्यातलं भूत मात्र
शिरलं तरी केसभर वर राहायचं.
"काढून देऊ दोष?"
इतकं तंतोतंत कोण बसतं स्वतःत,
असं मनात म्हटलं.
तोंडाने म्हटलं, "किती घ्याल?"
आणि ते राहूनच गेलं.

पहिला रोल कोरा निघाला.
शेपटी आत अडकलीच नव्हती;
आकडा पुढे जात होता, फिल्म जागची हलली नव्हती.
चावी पिळताना डावीकडची चकती फिरते का
बघायचं असतं, हे नंतर कळलं.
छत्तीस वेळा श्वास धरला होता.
भाऊच्या धक्क्यावर बर्फाची लादी
गोणपाटात गुंडाळून, लहान मूल न्यावं तशी
नेणारा पोरगा. त्याने थांबून
माझ्याकडे बघितलं होतं.
तो मला अजून दिसतो.
आलेल्या फोटोंतलं इतकं नीट काही दिसत नाही.

तिसऱ्या रोलमध्ये काकांना काढलं, हातभर अंतरावरून.
खिडकीत ते पूर्ण होते: टक्कल,
डोळ्याला लावलेलं भिंग, सगळं.
पण खिडकी वर, काच खाली;
जवळच्या माणसाच्या बाबतीत
दोघींचं जमत नाही.

मोरीत धुतली, दोरीवर चिमट्याने टांगली,
सासूबाईंच्या परकराशेजारी.
थेंब गळेपर्यंत बघवलं नाही.
काका गळ्यापासून खाली आले होते.
सदरा, ताटली,
आणि चिमट्यात धरलेला
तांदळाच्या कणीएवढा स्क्रू,
इतका ठळक की त्याची खाच मोजता यावी.

प्रिंट घेऊन गेले, माफीची वाक्यं जुळवत.
त्यांनी ती उजेडाकडे तिरकी धरली.
"बटण तुटलंय माझं. सांगायचं नाहीस?"
मग ताटलीखालच्या सावलीवरून
अंगठ्याचं नख हळूच फिरवलं.
"आठ होतं," म्हणाले, "तू अकरा लावलंस."

मी अकराच लावलं होतं.

डोक्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत.
आत जाऊन चहा टाकला.