दोरीला बांधलेली पेन्सिल

आदल्या वर्षीच्या एप्रिलात मताला रंग होता.
गव्हर्नर निवडायचा तर पक्षाने छापलेली चिठ्ठी घ्यायची,
एकाची फिकट निळी, दुसऱ्याची गाजरासारखी,
आणि ती खांद्याच्या वर धरून चालायचं
टाउन हॉलच्या पायरीपासून काचेच्या पेटीपर्यंत.
पायरीवर गिरणीचा मुकादम थर्लो
सफरचंद सोलत उभा.
साल तुटू द्यायचा नाही,
आणि रंग मोजायचा.

बाबा निळी घेऊन गेले.
सोमवारी त्यांचा माग चालू राहिला.
शेजारच्या इयासिंतचा नाही राहिला.

मग कायदा बदलला.
सगळी नावं आता एकाच पांढऱ्या कागदावर.
पाइनच्या फळ्यांचा खोका, मांजरपाटाचा पडदा,
आत दोरीला बांधलेली पेन्सिल.
गल्ली म्हणाली, सुटलो.
बाबा म्हणाले, अडकलो.
रंग त्यांना वाचता येत होता.
क्वेबेकच्या शेतावर ते गाईचा डोळा शिकले होते,
मेपलची साल, ढगाचं पोट.
कागद त्यांना कुणी शिकवला नव्हता.

"एक्झिल्दा, तू शिकव. स्टेशनवरच्या त्या माणसाचं नाव,
ज्यानं माझा हात हातात घेतला होता.
गरम होता गं हात."

मी हो म्हटलं.
जेवणाचं टेबल पुसून त्यावर पीठ पसरलं,
बोटाने काढून दाखवलं:
आधी तंबू, मग दोन खुंट्या,
शेवटी शेपटी, विहिरीत सोडलेल्या दोरासारखी.
बाबांनी गिरवलं. मोडलं. गिरवलं.
अकरा रात्री.
बाराव्या रात्री डोळे मिटून काढलं
आणि त्याच पिठाची आईनं सकाळी भाकरी केली.

ते नाव स्टेशनवरच्या माणसाचं नव्हतं.

ते दुसऱ्याचं होतं. चर्चच्या तळघरात
तो बोलला होता, वीसएक माणसांपुढे, घसा बसलेला,
की लहान पोरं रात्रपाळीला नकोत.
आमचा ओव्हिला नऊ वर्षांचा.
बॉबिन बदलता बदलता उभ्या उभ्या झोपायचा,
एकदा त्याची बाही पट्ट्यात गेली, बाहीच गेली फक्त.
मी तेवीस वर्षांची, चार माग सांभाळणारी.
मला मत नव्हतं.
मला पीठ होतं.

त्या दिवशी बर्फाचं पाणी नदीला आलं होतं,
टाउन हॉलपर्यंत चिखल.
मी खिडकीबाहेर उभी. पडद्याखाली
बाबांचे बूट तेवढे दिसत होते.
किती वेळ. मागचे खोकायला लागले.
थर्लो पायरीवर होताच,
पण त्याला वाचायला काही उरलं नव्हतं,
साल मध्येच तुटली.
आणि मी पाहिलं, बाबा डावा बूट उजव्यावर घासत होते.
खोटं बोलायचं असलं की ते असंच करतात.

बाहेर आले.
दिलंत? दिलं.
कुणाला?
उजवी मूठ मिटलेली. तशीच मिटून
ते माझ्या पुढे चालत राहिले, चिखल चुकवत,
गिरणीच्या भोंग्यापर्यंत.
झाकली मूठ.

निम्म्याहून जास्त मतं कुणालाच पडली नाहीत.
मग राजधानीत आमदारांनी बसून गव्हर्नर ठरवला,
त्यांच्या दाराला पडदा नव्हता, कुलूप होतं.
पोरांच्या रात्रपाळीचा कायदा आला
तेव्हा ओव्हिलाला मिशी फुटली होती.

बाबा गेल्यावर त्यांचा कोट उसवायला घेतला.
अस्तरात बोटाएवढी पेन्सिल,
टोकाला सुरीने कापलेली दोरी.
लाकडावर दातांचे ठसे, खोल, एकाशेजारी एक.

इतका वेळ चावत होते.
माझं तंबू-खुंट्यांचं नाव तर त्यांना
डोळे मिटून येत होतं.