पाच तोंडं

कुस्त्या उठून चार दिवस झाले.
सोसायटीच्या टेबलावर स्वयंसेवकांचे एक्केचाळीस कागद,
कागदावर ओळीनं पाच तोंडं :
रडकं, रुसलेलं, कसनुसं, बरं, हसरं.
मराठीत छापायचं की कन्नडात, यावर
कमिटी दोन तास बसली, चहा दोनदा आला,
मग सगळ्यांनाच पटलं, तोंडं छापा.

मला म्हणाले, सरासरी काढ.
पिग्मीच्या वह्या जुळवते मी,
पै न् पैचा मेळ लागल्याशिवाय उठत नाही.

शट्टुप्पा कुगजी दुपारपासून दोर धरून होता,
तळहाताची सालं निघाली.
त्यानं हसऱ्यावर खूण केलीय, खाली लिहिलंय :
'एक पण कुस्ती दिसली नाही.
पाठ आखाड्याकडं होती.'
याचे पाच धरू की एक?

भरमव्वानं आमटीचं पातेलं उतरवलं
ते शेवटचा पैलवान जेवून उठेपर्यंत बसली नाही.
तिचा अंगठा सगळ्या तोंडांच्या बाहेर, कोऱ्या जागेत.
विचारायला गेले तर म्हणते,
'नाक कुठाय गं ह्यास्नी?
बिननाकाचं तोंड माझं कसं?'

मुल्लांच्या इरफाननं कागदाची सुरळी करून
टँकरच्या नळाला बूच मारलं होतं.
तो ओलाच जमा केला त्यानं. मीही लावून घेतला.

आणि हुक्केरीकडचा इरण्णा,
मेव्हण्याकडं पाहुणा आलेला, बिल्ला लावून राबला.
तोंडांना हातच लावला नाही त्यानं.
मागच्या बाजूला कन्नडात दोन ओळी :
'खांदा निखळलेलं ते पोरगं मी गाडीवरून दवाखान्यात सोडलं.
त्याचं पुढं काय झालं?'

सरासरी तीन पूर्णांक सात आली.
पुन्हा केली, तेवढीच.
रजिस्टरात चढवली, खाली रेघ मारली.
ओळी मात्र डोळ्यांसमोरून हलेनात.

पोराचं नाव कुस्त्यांच्या यादीत सापडलं, गाव नंदगड.
तिसऱ्या फोनला त्याची आई लागली.
'बसवला की खांदा. आता डाव्या हातानं जेवूलालाय,
आणि सांडूलालाय सगळीकडं.'

मग इरण्णाला लावला.
माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडात सगळं सांगितलं,
सांडण्यासकट.
'हौदा?' म्हणाला,
आणि पुढं काहीच नाही.
बादलीत म्हशीची धार वाजत होती.
थांबली.
मी फोन कानाला धरून.
बऱ्याच वेळानं
पुन्हा सुरू झाली.