ळ

छापखाना मोडला त्या आठवड्यात
सगळेच भेटून गेले.
कुणी म्हणालं, होईल रे नीट,
कुणी म्हणालं, ऑफसेट आला तेव्हाच मी बोललो होतो.
एक जण सरबत पिऊन
मुंजीच्या पत्रिकांचा ॲडव्हान्स परत घेऊन गेला.
त्याचंही बरोबरच होतं.

मग नारायण पेठेतली आमची बोळवजा गल्ली
एकाएकी रुंद झाली,
ओळखीची माणसं पलीकडच्या कडेनं जाऊ लागली.

कुदळे आला शुक्रवारी, रात्री साडेनऊला.
लूना भिंतीला टेकवली,
चप्पल न काढता उंबऱ्याबाहेर उभा.
"भंगारवाला कितीला मागतोय?"
मी आकडा सांगितला.
"गाढव आहेस," म्हणाला
आणि गेला.

सकाळी नाना पेठेतलं स्पेअर पार्टचं दुकान बंद ठेवून
(शनिवारी, ऐन गिऱ्हाइकाच्या दिवशी)
तो माझ्या ट्रेडलपाशी येऊन बसला.
बिडाच्या भावावरून अडीच तास भांडला,
जणू यंत्र त्याच्याच बापानं आणलं होतं.
माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही,
म्हणून मला रडता आलं.

खिळे किलोवर गेले.
तीस वर्षं बोटांनी जुळवलेले,
बारा पॉइंट, सोळा पॉइंट,
आमचे येथे श्रीकृपेकरून,
चि. सौ. कां., आणि कै. सुद्धा,
सगळं शिसं एका पोत्यात.

त्यानं अकरा हजार पुढे ठेवले.
"वही काढ."
"आपल्यात कसली वही?"
"आपल्यात म्हणूनच. तारीख घाल. सही कर."
राग आला.
लकडी पुलावर पोचेपर्यंत तो राग पुरला,
मग पुलाच्या मध्यावर कळलं
की भीक घालणारा कुणाची सही घेत नाही.

अप्पा बळवंत चौकात, दुसऱ्याच्या दुकानात
कॉम्प्युटरपुढे मुद्रितं तपासायला लागलो.
दर महिन्याला पाचशे.
तो अंगठा ओला करून दोनदा मोजायचा.
एकदा म्हणाला, "फाटकी आहे, बदलून आण."
बदलून आणली.
बावीस महिने.
शेवटच्या महिन्यात माझ्या पैशांनी मिसळ खाल्ली,
तिखट नाही म्हणाला, आणखी रस्सा मागितला,
वहीवर आडवी रेघ मारली
आणि डाव्या हातानं डोळा चोळला.
तिखट नव्हतं, असं तोच म्हणाला होता.

पुढे कधीतरी त्याच्या गल्ल्याच्या खणात
पाना शोधताना
वॉशर, छर्रे, स्प्रिंगा यांच्यात
एक खिळा मिळाला.
"हा कुठला?"
कुदळे ओशाळला. मी त्याला पहिल्यांदाच तसं पाहत होतो.
"तुझ्या नावाचा भ शोधत होतो त्या पोत्यात.
अंधार होता. हाच हाताला लागला. काय आहे ते?"

खिळ्यावर अक्षर उलटं असतं,
माझ्यासारख्याला ते सरळच दिसतं.
"ळ."
"ळ नं काय सुरू होतं?"
"काहीच नाही."
"हात्तिच्या," म्हणाला,
आणि तो परत छर्ऱ्यांत टाकला.

परवा ससूनला,
त्याची मुलगी खाली औषधांच्या रांगेत,
तो आत, नाकाला नळी,
तरीही वॉर्डबॉयशी हुज्जत घालणारा.
मी काही बोललो नाही. नीट होईल वगैरे.
त्याला ते आवडलं नसतं.

खिडकीतल्या बाईंनी एक कागद सरकवला.
झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं विरलेली.
रुग्णाजवळ थांबणाऱ्याचे नाव.
ळ उठलाच नव्हता.
आधी पेनानं तो गिरवला,
दोन्ही गाठी नीट जुळवून.
बाई म्हणाल्या, "आजोबा, मागे रांग आहे."

मग पुढे नाव लिहिलं.
तारीख घातली.
सही केली.