एकेरी अवतरणात

फॉर्मच्या चौथ्या रकान्यात
नव्या वाणाचं नाव लिहायचं, एकेरी अवतरणात.
लॅटिन चालत नाही. तीसच्या वर अक्षरं चालत नाहीत.
आणि एकदा ठरलं की त्याचं भाषांतर
कुणी करायचं नाही, कुठल्याच देशात.

हे शेवटचं मला फार आवडलं.

फहाहीलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
न्हाणीघराच्या खिडकीत सात वर्षं वाढली ही घटपर्णी.
नळाचं पाणी सोसत नाही तिला, क्षारांनी करपते.
म्हणून एसीच्या नळीखाली बादली:
समुद्रावरून दमट वारा सुटला की दिवसाला नऊ लिटर,
तापल्या हवेतून पिळून काढलेलं,
कुणाच्याही मालकीचं नसलेलं पाणी.
बंद काचांतून माशी येत नाही. हारिस अब्दु
काडेपेटीतून मेलेल्या गांधीलमाश्या आणतो,
दारातूनच विचारतो,
"जेवली का तुमची पोरगी?"

वेगळेपण सांगा, म्हणतात.
सांगते. घट बुटके, ढेरपोटे,
बुंध्याशी आठ-दहा एकमेकांना खेटून,
एस्टी चुकलेल्या बिऱ्हाडासारखे.
ओठाचा रंग भिजवलेल्या आमसुलाचा.
रंगतक्त्यातला क्रमांक हवा असतो.
आमसुलाला क्रमांक नाही; जवळचा टाकला.
फोटोत मापासाठी मिहीरची सहा इंची पट्टी,
तिच्यावर कर्कटकाने कोरलेलं
कुणा मुलीचं आद्याक्षर.

छाटून दुसरीकडे लावलं
तर हुबेहूब तसंच उगवतं का?
तीनदा लावून पाहिलं.
झाडाचं उगवतं.

नाव आधीच ठरलं होतं,
कंपनीचं पत्र आलं त्या रात्री.
एकतीस तारखेपर्यंत, एवढंच त्यात.
रोपाला विमानात न्यायचं तर त्याचे कागद वेगळे,
कचेरी वेगळी, मुदत दोन महिने.
माझे दिवस सव्वीस.

लिहिलं: 'चंबूगबाळं'.

अर्थ विचारतात, तोही लिहिला:
चंबू म्हणजे अरुंद तोंडाचं भांडं.
गबाळ्याचं काही लिहिलं नाही.
ते आवरायचं असतं, हेही नाही.

रोमनमध्ये जाताना ळ चा ल झाला.
अब्दुच्या तोंडी च चा श.
"शंबू," तो म्हणाला कुंडी उचलताना,
दोन्ही हातांनी, पोटाशी धरून,
आणि मग मला विचारलं,
पाणी कुठलं घालायचं.

मी बादली दाखवली.
एसी अजून बंद केला नव्हता.