बिनशिवणीचा

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला
आणि हायमीचं चित्र खिडकीपाशी नेलं,
गिऱ्हाइकानं परत आणलेला कोट न्यावा तसं.

"बटणं कुठायत?"
नाहीत, हायमी म्हणाला.
"काजं? हुक? नाडी तरी?"
नाही.
"मग हा माणूस यात शिरला कुठून?"

ब्राउन्सविलच्या त्या तिसऱ्या मजल्यावर
पडद्यांनासुद्धा इस्त्रीचा वास यायचा.
मी कोटांना अस्तरं लावायचे, नगावर पैसे.
हायमी रात्री जेवणाचं टेबल पुसून
उडणारा माणूस काढायचा,
पानाला पाच डॉलर, शाई घरची.

अंगाला चिकटलेलं निळं.
त्यावर, बाहेरून, लाल चड्डी.
आई ते बघून चुलीकडे वळली
आणि बराच वेळ वळलेलीच राहिली, खांदे हलवत.
"सर्कशीतले पैलवान असेच असतात," हायमी म्हणाला,
"आणि कागद इतका रद्दी, की
चड्डी नसेल तर पोट कुठे संपलं तेच कळत नाही."

बाबांचं दुखणं वेगळं होतं.
"बेतताना माया सोडली नाहीस," ते म्हणाले.
"शिवणीच्या आत अर्धा इंच तरी.
पोरगं वाढतं, बाप सुटतो,
कोट धाकट्याकडे जातो.
हा उद्या जाड झाला तर?"
तो जाड होत नाही, बाबा.
"म्हातारा?"
हायमी पेन्सिलीला टोक काढत राहिला.

जुलैत प्रकाशकाचा माणूस जिने चढून आला.
फुल्टन स्ट्रीटच्या दुकानात खेळण्यांचा नवा मजला उघडायचा होता,
चित्रातला माणूस जिवंत हवा होता,
अकरा डॉलरमध्ये, शुक्रवारपर्यंत.

बाबांनी माप घेतलं एका जीवरक्षकाचं,
ऑर्विल नावाचा, रॉकअवेच्या किनाऱ्यावरचा,
खांदे दाराएवढे, आणि गुदगुल्या फार.
लोकरी जर्सी आम्ही न्हाणीच्या टबात दोनदा रंगवली;
आठवडाभर सगळ्यांच्या टाचा निळ्या.

कागदावर वारा फुकट मिळतो.
कापडाला तो विकत घ्यावा लागतो:
झग्याच्या काठात बाबांनी शिशाचे मणी भरले,
गळ्याला फास बसतो म्हणून
तो खांद्यांवर टाचला.
आणि कमरेला, डावीकडे, आतून,
चार बोटं खोल एक खिसा.

"याला खिसा कशाला?" हायमी हसला.
"गोळी लागत नाही, भूक लागत नाही.
ठेवणार काय त्यात?"

बाबांनी दोरा दातानं तोडला.
"बियालिस्टोकहून निघालो
तेव्हा माझ्या कोटाला होता असा.
ज्याला एका रात्रीत उडून जावं लागतं
त्याला लागतोच."

शुक्रवारी ऑर्विल खोक्यावर उभा राहिला.
घामाचा निळा ओघळ बुटात उतरत होता,
पोरं झगा ओढून बघत होती,
कुणी म्हणालं, उड ना.
त्यानं हात वर केले. तेवढंच.
गर्दीच्या मागे बाबा पुटपुटले,
गुडघ्याला फुगा आलाय.

पुढच्या अंकात, सहाव्या पानावर,
हायमीनं नायकाच्या कमरेशी
एक तिरकी रेघ मारली, नखाएवढी.
मी स्वतः पाहिली, शाई ओली असताना.
कनेक्टिकटच्या छापखान्यात कुणाला तरी
तो ओरखडा वाटला असावा.
खरवडून काढला त्यांनी.

अंक आला तसे बाबा भिंग घेऊन बसले.
ठिपकेच ठिपके,
निळे, एकसारखे, कमरेपासून घोट्यापर्यंत.
हायमी माझ्याकडे बघत होता.
मी सुई ओवत होते, दोनदा चुकली.

"झकास," बाबा म्हणाले शेवटी,
पान हातानं सारखं करत,
"टीप कुठेच दिसत नाही."