खसखस

चर्चच्या तळघरात पाच टेबलं जोडली,
त्यांवर गठ्ठे मांडले, पृष्ठ एक ते ब्याण्णव,
आणि आम्ही सात जणी भोवती फिरत राहिलो
बोटाला थुंकी लावून
एकेक पान उचलत.

शाळेचं यंत्र उसनं आणलेलं. दांडा माझ्याकडे.
दाबला की एकोणीस चौकोनी भोकं,
आणि खाली कागदाचा भुगा,
सस्कॅचवानच्या फेब्रुवारीसारखा पांढरा.

फण्यांचा पहिला खोका
ओरिसियाच्या गाडीत राहिला रात्रभर.
उणे छत्तीस. सकाळी उघडायला गेले
तर दात कडाकड तुटले.
दुसरा खोका हीटरपाशी ठेवला,
नुकती फुटलेली पिल्लं ठेवतात तसा.

ही फणी केसांची नव्हे.
दांडा ओढला की प्लॅस्टिकचे दात ताणून उघडतात,
एकेका भोकात शिरतात,
सोडला की आत वळून मिटतात,
थंडीत मूठ मिटावी तसे.

संध्याकाळी मोजली: एकशे चाळीस पुस्तकं.
बीट, कोबी, आंबट साय.
दहा डॉलरला एक, नव्या छपरासाठी.

तेवढ्यात स्टेफा ह्रिनचुक जिना उतरली,
बुटांवरचा बर्फ न झटकता.
अकरा वर्षं तिच्याकडे खसखशीच्या रोलची कृती मागत होतो.
अकरा वर्षं ती म्हणाली, मी अंदाजानं करते.

आता तिनं विजेच्या बिलाची पाठकोरी बाजू पुढे केली.
पीठ चार वाट्या. खसखस दोन.
दूध मनगटाला सोसेल इतकं.
अक्षर थरथरतं, हातही.
आज का, ते कुणी विचारलं नाही.

ओरिसिया म्हणाली, बांधून झाली गं पुस्तकं.
मी म्हटलं, शिवली कुठेत? फणीत तर आहेत.

वर फादरच्या खोलीत झेरॉक्स काढल्या.
मग एकशे चाळीस वेळा दात उघडले,
चौसष्टनंतर एक बिनआकड्याचं पान,
एकशे चाळीस वेळा मिटले.
साडेअकरा वाजले रात्रीचे. कॉफी संपली.

एका प्रतीत ते पान उलटं लागलं, डोकं खाली.
लक्षात आलं तेव्हा तळघरात खसखस पिकली;
सगळ्यांत उशिरा हसली ती स्टेफा.
मी दांड्याला हात घातला,
तर म्हणाली, राहू दे,
तेच दे मला.

कोटाच्या आत घातलं तिनं ते,
डब्यात पैसे टाकले, मोजून,
सगळी चिल्लर.